चार स्टार, पाचवा पुस्तिकेने घालवला

सहा रविवार, दर वेळी दीड तास (म्हणायला दीड, संपेपर्यंत दोन होतातच), आणि घरी येणारा मॉडेल्सचा एक बॉक्स, असा हा मोठ्या माणसांसाठीचा लैंगिक आरोग्याचा ऑनलाइन कोर्स आम्ही नवरा-बायकोने मिळून केला. संपून तीन आठवडे झाले. मुद्दाम थांबून लिहितोय, संपल्या संपल्या लिहिलं असतं तर भारावून जाऊन पाचच्या पाच देऊन मोकळा झालो असतो. नंतर बॉक्ससोबतची पुस्तिका नीट वाचली आणि डोकं फिरलं. त्यावर येतोच.

आधी मी का केला ते सांगतो. मुलगा तेरा वर्षांचा. गेल्या वर्षभरात एकदम पोक काढून चालायला लागला, टी-शर्ट पुढून ओढून ओढून सैल करायचा, उकाड्यातसुद्धा जॅकेट. बायको म्हणाली मोबाईलमुळे पाठ वाकलीये. मला मात्र बघताक्षणी कळलं होतं कारण त्या वयात मी हेच सगळं केलंय. निपलच्या मागे नाण्याएवढी दुखरी गाठ, छाती पुढे आलेली, वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं एक नाव (ते इथे लिहीत नाही), आणि चारचौघांत शर्ट काढायची वेळ आली की माझा दर वेळी नवीन आजार. कॉलेज संपेपर्यंत मी आतून दोन दोन बनियन घालायचो. पण पोराला सांगायला बसलो तर तोंडातून शब्द फुटेना, कारण ते काय होतं, का झालं, पुढे आपोआप कसं गेलं, काहीच पत्ता नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप, आणि स्वतःच्याच छातीबद्दल माहिती शून्य. म्हणून नाव नोंदवलं. बायको म्हणाली मीपण बसते, मलाही कोणी कधी काही शिकवलं नाहीये.

आता बॉक्स. पॅकिंगला दहापैकी दहा. बाहेर काही म्हणजे काही लिहिलेलं नाही, साधा खाकी खोका, पाठवणाऱ्याच्या जागी नुसता एक कोड. प्रायव्हसी म्हणून उत्तमच, फक्त त्याचा परिणाम असा झाला की पोराने तोच आपला हेडफोन समजून फोडला. मी अंघोळीला. बाहेर आलो तर हा झाकण हातात धरून उभा. "बाबा, तू हे काय मागवलंयस?" मी टॉवेलवर. म्हटलं कोर्सचं आहे, सांगतो नंतर. तो म्हणाला "ओके" आणि झाकण इतक्या हळू परत लावलं की जणू आत काहीतरी झोपलंय. तर पहिली सूचना, कुरिअरच्या दिवशी घरी कोण आहे ते बघा.

आत मऊ रबराचे साचे आहेत, खऱ्या माणसांच्या शरीरावरून घेतलेले असं म्हणतात. नऊ व्हल्व्हाचे (म्हणजे बायकांच्या बाहेरच्या जननेंद्रियाचे), सात लिंगाचे. शिवाय क्लिटोरिसचं (बायकांचा लैंगिक सुखाचा अवयव) एक पूर्ण आकाराचं मॉडेल, कंडोम डेमोसाठी एक लाकडी ठोकळा, आणि लाकडी मण्यांची माळ. हा बॉक्स हाच कोर्सचा जीव आहे. स्लाइड्स कुठेही मिळतात हो. पण नऊच्या नऊ साचे टेबलावर ओळीने मांडले आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा मेळ नाही, एकीत आतल्या पाकळ्या बाहेरून दिसतसुद्धा नाहीत, दुसरीत चांगल्या बाहेर आलेल्या, तिसरीत एक बाजू दुसरीच्या दुप्पट. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, यातलं बिघडलेलं कुठलं ते ओळखा. पाच मिनिटं चॅटमध्ये लोक नंबर टाकत होते. ४ नंबर, ७ नंबर, कोणी म्हणालं २. मॅडम गप्प. मग म्हणाल्या, एकही नाही. २००५ साली ५० बायकांची मोजमापं घेतलेला एक अभ्यास आहे, त्यात आतल्या पाकळ्यांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत निघाली. म्हणजे सातपट फरक, आणि कोणालाही काही झालेलं नाही. रंगही तसाच, बाकीच्या त्वचेपेक्षा गडद असणं अगदी नेहमीचं.

माझी बायको तेव्हा शेजारी बसलेली. म्यूट होतो आम्ही. तिने ७ नंबरचा साचा हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि म्हणाली, "मी लग्नाआधी ऑपरेशनची चौकशी केली होती." सतरा वर्षं झाली लग्नाला. मला माहीत नव्हतं. (तिला विचारून लिहितोय, तिने वाचून एक वाक्य कापलंय.) मी काय बोलणार, मी फक्त म्हटलं बरं झालं नाही केलंस. ती म्हणाली तुला विचारून करणार नव्हते. तेही खरंच.

पुरुषांच्या भागात अपेक्षेप्रमाणे निनावी प्रश्नपेटी तुडुंब, आणि प्रश्न दोनच, किती मोठं आणि किती वेळ. सरांनी (समुपदेशक आहेत, मॅडमसोबत आलटून पालटून शिकवतात) दोन्ही प्रश्न आकडे सांगूनच मोकळे केले, तेच बरं. २०१५ साली आधीच्या अनेक अभ्यासांतली मोजमापं एकत्र केली गेली, १५,५२१ पुरुष, आणि मोजणारे आरोग्य क्षेत्रातले लोक, म्हणजे "मी स्वतः मोजलं" वाला हिशोब नाही. ताठर अवस्थेतली सरासरी १३.१२ सेंटिमीटर, शिथिल ९.१६. बहुतेक लोक या सरासरीच्या अवतीभवतीच असतात आणि शिथिल असतानाच्या लांबीवरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. वेळेचंही तसंच. २००५ मधला पाच देशांतला अभ्यास, ५०० जोडप्यांना चक्क स्टॉपवॉच दिलेलं, मध्यक निघाला ५.४ मिनिटं, म्हणजे निम्मे त्याच्या आत, निम्मे त्याच्या पुढे. अर्ध्या मिनिटापासून ४४ मिनिटांपर्यंत पसारा. हे ऐकल्यावर चॅटमध्ये जी शांतता पसरली ना, तसली शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये अनुभवलीय. मग कोणीतरी लिहिलं, "स्टॉपवॉच दाबायचं कोणी?" बायकांनी, असं उत्तर आलं. इतक्या वर्षांचा ताण असा हसण्यावारी जातो, हेच या कोर्सचं कसब.

सरांनी एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगितली आणि ती इथे लिहायलाच हवी. ताठरता येण्यात वारंवार अडचण येत असेल तर लाजून गोळ्या शोधत बसू नका, आधी डॉक्टरकडे जा, कारण लिंगातल्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि हृदयाच्या किंवा डायबेटीसच्या आजाराची पहिली खूण कधी कधी तिथे दिसते. आमच्या बॅचमधला एकजण पाचव्या रविवारी म्हणाला, तपासून आलो, शुगर निघाली.

आता ती माळ. मला वाटलं मोजणी शिकवायला वगैरे दिली असेल. तर नाही. १ ते २५ असे आकडे लिहिलेले बारा मणी, लहानापासून मोठ्यापर्यंत. वृषणाचा आकार किती मिलिलिटर ते ताडून बघायला डॉक्टर वापरतात, आंद्रेआ प्राडर नावाच्या स्विस डॉक्टरने १९६६ साली काढलेली युक्ती. मुलगा वयात यायला लागला याची पहिली खूण मिसरूड नाही, आवाज फुटणं नाही, तर वृषण ४ नंबरच्या मण्याएवढे होणं. आणि हे नवव्या वर्षी सुरू झालं काय किंवा चौदाव्या वर्षी, दोन्ही ठीक. मुलींचं साधारण आठ ते तेरा. म्हणजे एकाच वर्गात एक पोरगा बाप्या दिसतो आणि शेजारचा अजून पोरसवदा, दोघंही वेळेवर. आम्हाला शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर निम्मी भांडणं झाली नसती. मोठ्या माणसातही १२ ते २५, सगळं चालतं. आणि एक बाजू दुसरीपेक्षा जरा खाली लोंबते ते तसंच असतं, बहुतेकांची डावी.

याच तासाला माझं उत्तर मिळालं. मी पेटीत टाकलेला प्रश्न सरांनी वाचला. वयात येताना साधारण निम्म्या मुलांच्या छातीत अशी गाठ येते. निम्म्या! टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही हार्मोन्स प्रत्येकाच्या शरीरात असतात, त्या काळात त्यांचा तोल जरा हलतो, आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपसूक बसतं. खूप वाढलं, स्राव आला, किंवा वर्षानुवर्षं गेलं नाही तर दाखवायचं. झालं, एवढंच. चाळीस सेकंदांचं उत्तर. वर्गात पन्नास पोरं होती आमच्या, म्हणजे ते नाव ठेवणाऱ्यांमध्येही दहा-बारा जण बनियनच्या आत तेच लपवत असणार. राग आला मला, खरं सांगतो. कोणावर ते नाही सांगता येणार.

पोराला त्याच रात्री सांगितलं. दिवा बंद करून, तो वरच्या बंकवर आणि मी खाली, तोंड न बघता बोललेलं सोपं जातं. दोन बनियनची गोष्टपण सांगितली. तो काही बोलला नाही. मग वरून आवाज आला, "दोन? उकडायचं नाही?" म्हटलं खूप.

सगळ्यात सरस तास तिसरा, गर्भाचा. मॅडमनी क्लिटोरिसचं मॉडेल आणि लिंगाचा साचा एकाच हातात धरून दाखवले. नवव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत बाहेरून सगळे गर्भ सारखेच दिसतात, एक उंचवटा आणि दोन बाजूंना दोन घड्या. पुढे हार्मोन्सप्रमाणे त्याच उंचवट्याचं लिंग होतं नाहीतर क्लिटोरिस, त्याच घड्या मधोमध जुळल्या तर अंडकोषाची पिशवी, नाही जुळल्या तर बाहेरच्या पाकळ्या. पिशवीच्या मधोमध जी रेघ असते ना, ती त्या जोडाची शिवण. इतकी वर्षं बघतोय, कधी विचारच केला नव्हता. आणि क्लिटोरिस म्हणजे ते बाहेरचं बटण नव्हेच, तो नुसता शेंडा, आत दोन पाय पसरलेले, सगळं मिळून दहा सेंटिमीटरच्या आसपास. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कोबेल्टने १८४४ मध्येच बारकाईने काढून ठेवलं होतं, तरी हेलन ओ'कॉनेल या ऑस्ट्रेलियन युरॉलॉजिस्टला १९९८ साली ते परत जगाला दाखवावं लागलं. आपल्या हातात येणारं हे मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर ज्या फाइलवरून छापतात तसली फाइल ओदिल फिलो या फ्रेंच संशोधिकेने २०१६ साली सगळ्यांसाठी खुली केली.

आणि मग हे सगळं दोन ठरलेल्या वाटांनीच जातं असं नाही, कधी मध्येच वळण घेतं. इंटरसेक्स हा विषय मी फार बिचकून ऐकायला बसलो होतो पण इतका सरळ शिकवला की कमाल. कोणाचे क्रोमोसोम एक्सवाय (सहसा मुलांचे असतात तसे) पण शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाही म्हणून बाहेरून पूर्ण मुलगी, कोणाला गर्भाशयच तयार झालेलं नसतं आणि ते पाळी आली नाही म्हणून सोळाव्या वर्षी कळतं, कोणाचं लघवीचं भोक लिंगाच्या टोकाला नसून खालच्या बाजूला. मॅडमचं म्हणणं एवढंच, ज्याने बाळाच्या तब्येतीला धोका नाही ते घाईघाईने कापूनशिवून "दुरुस्त" करायचं नाही, ज्याचं शरीर त्याला कळतं-बोलतं होऊ द्या. इंटरसेक्स आणि ट्रान्सजेंडर एकच नव्हे, हेही तिथेच कळलं. पहिलं शरीराच्या घडणीबद्दल, दुसरं माणूस स्वतःला आतून काय मानतो त्याबद्दल, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या यादीत ट्रान्स असणं मानसिक आजारांतून काढून टाकलंय.

भाषेबद्दल बोलायलाच हवं. आपले शब्दच किती खोडसाळ आहेत हे मला या कोर्समध्ये कळलं. झोपेत वीर्य गेलं तर "स्वप्नदोष", अरे दोष कसला, वयात आलेल्या मुलाला होणारच. "मासिक" पाळी, जणू कॅलेंडरवर सही करून येते. आणि "कौमार्यपटल", यात तर दोन खोट्या गोष्टी एकाच शब्दात, ते पटल पण नाही आणि कौमार्याशी संबंधही नाही. योनीच्या तोंडाशी असलेली ती लवचिक कडा आहे, कोणाची झालरीसारखी, कोणाची जेमतेम, पाळीचं रक्त येतं म्हणजे भोक असतंच ना, आणि पहिल्या वेळी रक्त येतंच असंही नाही. बघून कोणालाही काही सांगता येत नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून सांगितलं की कौमार्य चाचणी बंद करा, तिला वैद्यकीय आधारच नाही. मॅडम पूर्ण वेळ "योनीमुखाची कडा" म्हणाल्या. दोन तासांत आम्हीपण म्हणायला लागलो. शब्द बदलायला एवढाच वेळ लागतो.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

पहिली म्हणजे ती पुस्तिका. तोंडी शिकवलेलं सगळं ही चोवीस पानं धुऊन टाकतात. नऊ साचे देणाऱ्या लोकांनी पुस्तिकेत चित्र किती द्यावीत, एक. एकच व्हल्व्हा, गुलाबी, केस नाहीत, दोन्ही बाजू कंपासने काढल्यासारख्या सारख्या. एकच लिंग, सरळ रेषेत. (साचेसुद्धा सगळे एकाच फिक्कट रंगाचे आहेत, पण त्यांना निदान आकाराचं तरी वैविध्य.) पान ९ वर ठळक अक्षरात "मासिक पाळी दर २८ दिवसांनी येते" आणि गोल चक्र. मॅडमनी शिकवलेलं काय, मोठ्या बाईचं २४ ते ३८ दिवसांमधलं काहीही चालतं, आठ दिवसांपर्यंत रक्त जाणं ठीक, रक्त साधारण ३०-४० मिलिलिटर, ८० च्या वर जायला लागलं तर दाखवा. माझ्या बायकोची पाळी कायम ३४ दिवसांनी. ती पंधरा वर्षांची असल्यापासून स्वतःला "अनियमित" समजत आलीये. ३४ दिवसांनी न चुकता येणारी बाई अनियमित! आणि कोर्स केल्यावर घरी जे कागदावर उरणार ते काय, तर २८. मुलगी अजून नऊ वर्षांची आहे आमची, तिच्या हातात पुढेमागे पडणार ती ही पुस्तिका.

भाषासुद्धा भाषांतर करून घुसळलेली. "जननेंद्रिय स्वच्छता राखणे अनिवार्य आहे." कोण बोलतं असं? "अंगावरून पांढरं जाणं" हा शब्द अख्ख्या पुस्तिकेत नाही, "श्वेतप्रदर" आहे, आणि तोही आजार असल्यासारखा. तासाला मात्र व्यवस्थित सांगितलं होतं की थोडा पांढरा किंवा पारदर्शक स्राव रोजचाच, पाळीच्या चक्राबरोबर पातळ-घट्ट होतो, खाज, जळजळ, घाण वास, हिरवट रंग असं काही असेल तरच जायचं.

दुसरी तक्रार ऐकून हसाल. बॉक्समध्ये तळाशी "इंटिमेट वॉश"ची दोन सँपल पाकिटं. आणि दुसऱ्याच तासाला मॅडम सांगतायत की योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते, आतली आम्लता पीएच ३.८ ते ४.५, ती चांगले जिवाणू टिकवून ठेवतात, साबण-बिबण आत घातलात तर तेच मरतात, बाहेरून साधं पाणी पुरे. कोणीतरी चॅटमध्ये पाकिटाचा फोटो टाकला. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या म्हणाल्या, मला माहीत नव्हतं, फेकून द्या. मानलं त्या बाईंना, पण बॉक्स भरणाऱ्यांना कोणी विचारणार की नाही?

तिसरी, गर्भनिरोधन आणि संसर्ग एकाच तासात कोंबलेत. कंडोमचा डेमो छान, एक्स्पायरी बघा, टोकातली हवा चिमटीत धरून काढा, लेटेक्सला तेल लावू नका, पाकिटात महिनोन् महिने दाबून ठेवू नका. नीट वापरला तर वर्षभरात ९८ टक्के परिणामकारक, लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा ८७, हा मधला फरक म्हणजे आपला गाढवपणा. पण त्यानंतर क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू), एचआयव्ही सगळं अर्ध्या तासात गाडीच्या खिडकीतून बघितल्यासारखं. अनेकदा काहीच लक्षणं नसतात म्हणून तपासणी करा, हे एकदाच म्हणाले, ते दहादा म्हणायला हवं होतं. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात देणं सगळ्यात चांगलं हे तर मी विचारलं म्हणून सांगितलं.

मेनोपॉजला एक स्लाइड. आमच्या बॅचमध्ये पन्नाशीच्या निदान चार बायका होत्या, एकीने कोरडेपणाबद्दल विचारलं तर वेळ संपला. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मेंबरने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं की आमच्याबद्दलही बोला, शेवटपर्यंत एक अक्षर नाही. शरीरं वेगवेगळी असतात हे शिकवणाऱ्या कोर्समध्ये हे खटकतंच.

बाकी ठीक. कॅमेरा बंद ठेवायची सक्त परवानगी, खोटं नाव चालतं, रेकॉर्डिंग महिनाभर दिसतं, ॲप अधूनमधून लॉगआऊट करतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना थेट बसवू नका, तो मोठ्यांसाठीच आहे, आपण करा आणि आपल्या शब्दात सांगा. आमच्याकडे माळ आता पोराच्या टेबलावर लटकतेय, मणी मोजायचं यंत्र आहे असं त्याने बहिणीला सांगितलंय.

सपोर्टला मी पान ९, ते एकुलतं एक चित्र आणि वॉशच्या पाकिटांबद्दल सविस्तर मेल केली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पाकिटं पुढच्या बॅचपासून बंद, पुस्तिकेची नवीन आवृत्ती "प्रक्रियेत आहे". तारीख दिली नाही. तोवर बायकोने आमच्या प्रतीत २८ वर काट मारून पेनाने २४ ते ३८ लिहिलंय. नवीन पुस्तिका आली, बघितली, की पाचवा स्टार टाकतो.